पात्र, अपात्र आणि आपण : पुनर्विकासाची रेषा नेमकी कुठून जाते?

गेल्या वर्षी पावसाळ्यात मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत आम्ही कार्यकर्ते कागदपत्रांच्या मदतीसाठी बसत होतो. विहाराच्या ओट्यावर दोन टेबले आणि समोर प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन बसलेली माणसे. पिशवीत रेशनकार्ड, लाईट बिल, मतदारयादीचा उतारा, फोटोपास आणि शाळेचे दाखले. पुनर्विकासाची पात्रता यादी, म्हणजे परिशिष्ट-२, नुकतीच लागली होती.

एक मावशी रोज यायच्या. मूळच्या मराठवाड्यातल्या. १९७२ च्या दुष्काळात नवऱ्यासोबत मुंबईला आल्या आणि इथेच राहिल्या. खाली एक खोली, वर लोखंडी जिन्याने जायचा माळा. खाली मावशी आणि थोरला मुलगा, वर धाकट्याचा संसार. यादीत थोरला ‘पात्र’. धाकट्याचे नावच नाही, कारण माळा मोजला जात नाही. मावशी मला म्हणाल्या, "ताई, दोघं याच खोलीत जन्मले. एकाला घर आणि एकाला रस्ता, असं कसं?"

मी त्यांना नियम समजावून सांगितला. नियम मला पाठ आहे. पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या नियमात नव्हते. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

शहर आपल्यासाठी काय होते?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली होती. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे घर, हे त्यांचे मत आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. त्या मताला अनुभवाचा आधार होता. बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळीत दोन दशकांहून अधिक काळ राहिले. ही चाळ बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये हा ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, रस्ते रुंद करायचे आणि कामगारांसाठी चाळी बांधायच्या, हे त्याचे काम. म्हणजे ‘सुधारणेसाठी आधी पाडा’ हे सूत्र मुंबईत सव्वाशे वर्षांचे आहे.

गावकुसाबाहेरून आलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांना शहराने गिरणी दिली, गोदी दिली, रात्रशाळा दिली. जात पूर्ण सुटली नाही, पण पाटलाच्या वाड्यासमोरून मान खाली घालून जाणे सुटले. आपल्या चळवळीचा मोठा भाग याच चाळींतून आणि झोपडपट्ट्यांतून उभा राहिला. वरळीच्या बीडीडी चाळी १९७४ च्या दंगलीत दलित पँथरच्या लढ्याचे केंद्र होत्या. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली. या जागा आपल्यासाठी केवळ पत्ते नाहीत.

आज या तिन्ही ठिकाणी, म्हणजे बीडीडी, रमाबाई नगर आणि अर्थातच धारावी, पुनर्विकास सुरू आहे. म्हणून हा विषय आपल्या तरुणांनी बिल्डर आणि नगरसेवकांवर सोडून चालणार नाही.

आकडे काय सांगतात?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे साडेसहा कोटी लोक झोपडपट्टीत राहत होते. त्यांपैकी २०.४ टक्के अनुसूचित जातींचे होते. एकूण शहरी लोकसंख्येत मात्र अनुसूचित जातींचे प्रमाण १२.६ टक्के होते. मुंबईत तर दर पाचांपैकी दोन माणसे झोपडपट्टीत राहत होती. समाजशास्त्र शिकताना आम्हाला सांगितले जायचे की शहरात जात विरघळते. या आकड्यांकडे पाहिले की ती कुठे साचते, हे दिसते.

शहरातल्या भाड्याच्या घरांचाही असाच अनुभव आहे. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांविषयी अभ्यास केला होता. दलित आणि मुस्लीम भाडेकरूंना सवर्ण हिंदूंच्या तुलनेत जास्त वेळा नकार मिळतो किंवा जाचक अटी घातल्या जातात, हे त्यातून पुढे आले. पुनर्विकासात ‘अपात्र’ ठरलेल्या कुटुंबाला याच बाजारात घर शोधायचे असते. ज्याच्या आडनावावरून दार बंद होते, त्यालाच आपण सांगतो, "बाहेर भाड्याने बघा."

तारीख कोण ठरवते?

महाराष्ट्रात मोफत घराची योजना १९९५ मध्ये आली. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, म्हणजे आपल्या बोलण्यातले एसआरए, तेव्हाचेच. योजना साधी वाटते. बिल्डरने झोपडीवासीयांना मोफत घर द्यायचे आणि त्या बदल्यात जादा चटईक्षेत्र घेऊन खुल्या बाजारात विकण्यासाठी इमारती बांधायच्या. घराचा आकार २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० झाला. या चौरस फुटांसाठी मोर्चे निघाले आणि ते योग्यच होते.

पण खरी कात्री आकारात नाही, तारखेत आहे. आधी १ जानेवारी १९९५ पूर्वीची झोपडी पात्र होती. मग ती तारीख १ जानेवारी २००० झाली. नंतर २००० ते २०११ या काळातल्या झोपड्यांना पैसे भरून घर द्यायचे ठरले आणि ती किंमत अडीच लाख रुपये झाली. तारीख दोनदा पुढे सरकली. म्हणजेच ती काळ्या दगडावरची रेघ नाही. मतांच्या दबावाने ती सरकते. जे सरकवता येते, ते पुसताही येऊ शकते.

आता या तारखेच्या पलीकडे कोण आहे ते पाहू. २०१२-१३ आणि पुन्हा २०१५-१६ मध्ये मराठवाड्यात मोठे दुष्काळ पडले. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या वर्षांत शेतमजुरी संपली म्हणून मुंबई-पुण्याला आलेले कुटुंब २०११ च्या तारखेत बसत नाही. मावशी १९७२ च्या दुष्काळात आल्या, म्हणून त्या शहराच्या. चाळीस वर्षांनंतर तशाच दुष्काळात आलेली त्यांची भाची मात्र ‘अतिक्रमण करणारी’. दुष्काळ तोच, जात तीच, भूमिहीनता तीच.

तारखेशिवाय आणखी दोन माणसे यादीतून गळतात. एक माळ्यावरचा आणि दुसरा भाडेकरू. कितीही वर्षे राहिलेला असो, कागद घरमालकाच्या नावाचा असतो.

तीन पुनर्विकास, तीन माणसे

बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारने बांधल्या. एका खोलीचे क्षेत्र १६० चौरस फूट. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर ५०० चौरस फुटांचे आणि त्याच जागेवर. ही आनंदाची गोष्ट आहे. तिथल्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे त्यासाठी पाठपुरावा केला आहे.

धारावीचे चित्र वेगळे आहे. तिथल्या प्रकल्प कंपनीत अदानी समूहाचा वाटा ८० टक्के आणि राज्य सरकारचा २० टक्के आहे. तिथे तळमजल्यावर २००० पूर्वीपासून राहणाऱ्याला धारावीतच ३५० चौरस फुटांचे मोफत घर. २००० ते २०११ मधल्या कुटुंबाला अडीच लाख भरून धारावीबाहेर घर. वरच्या मजल्यावरच्या आणि २०११ नंतरच्या कुटुंबांना धारावीबाहेर भाडेतत्त्वावर घर, पुढे ते विकत घेण्याची सोय. कुणालाच वाऱ्यावर सोडलेले नाही, असे सरकार म्हणते. एसआरएच्या नेहमीच्या योजनेपेक्षा हे पुढचे पाऊल आहे, हे मान्य करायला हवे. इथे माळाही निदान मोजला जातो.

पण ‘धारावीबाहेर’ म्हणजे कुठे? मुलुंड, भांडुप आणि कांजूरमार्गची मिठागरे, तसेच देवनार कचराभूमीची जमीन अशी ठिकाणे त्यासाठी पुढे आली आहेत. देवनार महापालिकेच्या एम पूर्व विभागात येते. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग शहरात सर्वांत खाली होता. याच भागातल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा नीट पोहोचत नाही. तिथल्या क्षयरोगाच्या प्रश्नावर अभ्यासही झाले आहेत.

माहुलचे उदाहरण तर अगदी ताजे आहे. तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी पाठवले गेले. हवेमुळे माणसे आजारी पडू लागली. लोकांनी आंदोलन केले, न्यायालयात गेले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दुसरीकडे राहण्यासाठी महिना १५ हजार रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. कागदावर ही सगळी कुटुंबे ‘पुनर्वसित’ होती.

या तीन माणसांत फरक कशाचा आहे? बीडीडीतल्या भाडेकरूची, धारावीच्या तळमजल्यावरच्या माणसाची आणि माळ्यावरच्या माणसाची गरज सारखीच आहे. हातात असलेला कागद मात्र वेगवेगळा आहे. पाचशे, साडेतीनशे आणि धारावीबाहेरची वाट ही गरजेनुसार झालेली वाटणी नाही.

न्यायालयाने काय दिले, काय दिले नाही

१९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे म्हटले. माणूस पदपथावर राहतो तो कामाजवळ राहता यावे म्हणून, हे न्यायालयाने ओळखले. पण त्याच निकालात पदपथ रिकामे करण्यालाही मुभा मिळाली, आणि १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यावी असे सांगितले गेले. म्हणजे तिथेही कागद आलाच. पुढे २००० मध्ये, कचरा व्यवस्थापनाच्या एका खटल्यात, याच न्यायालयाने अतिक्रमण करणाऱ्याला मोफत जागा देण्याची तुलना खिसेकापूला बक्षीस देण्याशी केली. पंधरा वर्षांत तोच माणूस हक्कदाराचा खिसेकापू झाला.

आपल्या धम्मात यावर स्पष्ट दिशा आहे. दीघ निकायातल्या कूटदंत सुत्तात राज्यातली लूटमार कशी थांबवावी हा प्रश्न येतो. दंड, कैद आणि हद्दपारीने ती मुळापासून थांबणार नाही. शेतकऱ्याला बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकरी करणाऱ्याला वेतन द्या, असा सल्ला राजाला मिळतो. आधी साधन द्या, हा त्याचा अर्थ. शहर ज्याच्या श्रमावर चालते त्याच्यासाठी राहण्याची जागा हे पहिले साधन आहे.

जगात इतरत्र काय घडले?

हा प्रश्न फक्त आपला नाही. दक्षिण आफ्रिकेच्या संविधानात घराचा हक्क लिहिलेला आहे. वर्णभेद संपल्यानंतर तिथल्या सरकारने तीस लाखांहून अधिक घरे बांधली. पण बरीचशी घरे शहराच्या कडेला, जिथे जमीन स्वस्त तिथे उभी राहिली. काळ्या माणसाला शहराबाहेर ठेवणारा वर्णभेदाचा नकाशा मोफत घरांनी पुन्हा गिरवला. ‘घर कुठे?’ हा प्रश्न ‘घर किती मोठे?’ याच्याइतकाच महत्त्वाचा का आहे, ते इथे कळते.

त्याच देशात २००० मध्ये आयरीन ग्रूटबूम यांच्या खटल्यात संविधान न्यायालयाने महत्त्वाची गोष्ट सांगितली. डोक्यावर छप्परच नसलेल्या, सर्वांत निकडीच्या माणसाला वगळणारी गृहनिर्माण योजना वाजवी ठरत नाही. आपल्या पात्रता यादीला हाच निकष लावून बघा. मात्र ग्रूटबूम स्वतः २००८ मध्ये वारल्या तेव्हाही झोपडीतच राहत होत्या. निकाल हाती असणे आणि चावी हाती असणे यांत किती अंतर असते, हेही त्यातून शिकायचे.

ब्राझीलच्या १९८८ च्या संविधानात वेगळी वाट आहे. शहरात २५० चौरस मीटरपर्यंतच्या खासगी जागेवर सलग पाच वर्षे विनातक्रार राहणाऱ्या आणि दुसरे घर नसणाऱ्या कुटुंबाला त्या जागेचा हक्क मागता येतो. तिथे ठरावीक तारीख नाही, वास्तव्याचा काळ आहे. आज आलेला माणूसही पाच वर्षांनी हक्कदार होऊ शकतो. हा छोटा फरक फार मोठा आहे. तारीख दार कायमचे बंद करते, कालावधी ते उघडे ठेवतो.

बौद्धबहुल थायलंडमध्ये २००३ पासून ‘बान मंकोंग’ नावाचा कार्यक्रम चालतो. तिथे वस्तीतले लोक स्वतः सर्वेक्षण करतात, बचत गट आणि सहकारी संस्था उभारतात. सरकार त्यांना कर्ज आणि पायाभूत सुविधांसाठी अनुदान देते. जमीन बहुधा सामूहिक करारावर असते, त्यामुळे एकेका कुटुंबाला फोडून बाहेर काढणे कठीण जाते.

इतके दूर जायचे नसेल तर ओडिशा बघा. तिथे २०१७ च्या कायद्याने लहान शहरांतल्या झोपडीवासीयांना आहे त्याच जागेवर जमिनीचा हक्क देण्याचे काम सुरू झाले. हा हक्क वारसाने पुढे जातो, त्यावर घरासाठी कर्ज काढता येते, पण जमीन विकता येत नाही. मुंबईची जमीन महाग आहे म्हणून हे इथे शक्य नाही, असे लगेच सांगितले जाते. पण जमीन महाग आहे याचा अर्थ तिच्यातून पैसा निर्माण होतो. तो कुणाकडे जातो, एवढाच प्रश्न आहे.

रेषा आपल्यातूनही जाते

इथवर सरकारबद्दल लिहिले. आता थोडे स्वतःबद्दल.

पात्रता यादी लागली की वस्तीत शांतता पसरते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. पात्र माणूस गप्प बसतो. आपण बोललो तर प्रकल्प रखडेल आणि आपले घर लांबेल, ही त्याची भीती असते. ती खोटी नाही. संक्रमण शिबिरात वर्षानुवर्षे अडकलेली कुटुंबे त्याने पाहिलेली असतात. पण त्या शांततेत अपात्र माणूस एकटा पडतो. एकटा पडला की तो कोपऱ्यावरच्या दलालाकडे जातो, जुन्या तारखेचे कागद विकत घेतो, कर्जबाजारी होतो आणि शेवटी खोटे कागद दिले म्हणून गुन्हेगार ठरतो.

आपल्यातलेच काही जण खोली भाड्याने देतात. तो भाडेकरू बहुधा आपलाच असतो, गावाकडचा. यादी लागल्यावर त्याला आठ दिवसांत खोली रिकामी करायला सांगणारेही आपणच. जयंतीच्या वर्गणीत त्याचे नाव असते, सोसायटीच्या सभेत नसते. हे लिहिताना मला आनंद होत नाही. पण सरकारने आखलेली रेषा आपण आपल्या हातांनी ठळक करत असू, तर ती पुसण्याची मागणी आपण कुठल्या तोंडाने करणार?

मग करायचे काय?

मोर्चा आणि निवेदन लागतेच. पण त्याआधी वस्तीत बसून करायचे काम आहे, आणि ते शिकलेल्या तरुणांनाच करता येईल.

पहिले, आपल्या वस्तीची गणना आपण करा. खालचे, वरचे, भाडेकरू, विधवा, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया अशा प्रत्येक चुलीची नोंद करा. सरकारी सर्वेक्षण येण्यापूर्वी आपली वही तयार असली, तर "हे कुटुंब इथे नव्हतेच" असे कुणी म्हणू शकणार नाही.

दुसरे, परिशिष्ट-२ लागल्यावर ते सर्वांसमोर मोठ्याने वाचा. हरकत आणि अपिलाला मुदत असते. ती बहुतेकदा माहिती नसल्यामुळे निघून जाते. घर पती-पत्नी दोघांच्या नावे होते आहे का, हेही तपासा.

तिसरे, ५१ टक्के संमतीवर सही करण्याआधी सभेत चार प्रश्न विचारा. अपात्र कुटुंबांचे काय? इमारतींमधले अंतर किती? देखभालीचा खर्च दहा वर्षांनी कोण भरणार? विहार, वाचनालय आणि अभ्यासिकेची जागा आराखड्यात आहे का? उत्तरे तोंडी नकोत, लेखी घ्या.

चौथे, आगामी जनगणनेत जातीची नोंद होणार आहे. धर्म बौद्ध लिहितानाच जातीच्या रकान्यात अनुसूचित जातीची नोंद कशी करायची, याची माहिती घराघरात द्या. झोपडपट्टीत आपण किती आहोत, हा आकडा पुढची वीस वर्षे कामाला येईल.

आणि पाचवे, आपली मागणी बदलू या. "तारीख पुढे सरकवा" ही जुनी मागणी झाली. आता मागणी अशी हवी की ठरावीक तारखेऐवजी वास्तव्याचा कालावधी हा निकष असावा, माळ्यावरच्या आणि भाड्याच्या कुटुंबाचीही गणना व्हावी आणि पुनर्वसन त्याच विभागात व्हावे. पात्र माणसांनी ही मागणी केली तरच ती ऐकली जाईल, कारण सही त्यांची लागते.

मावशींच्या धाकट्या मुलासाठी आम्ही हरकत दाखल केली आहे. निकाल अजून आलेला नाही. गेल्या महिन्यात वस्तीच्या सभेत थोरला उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या भावाचं लेखी देत नाही तोवर मी सही करणार नाही." त्याच्यामागे आणखी अकरा पात्र माणसे उभी राहिली. अकरा म्हणजे फार नाहीत. पण त्या दिवशी बिल्डरच्या माणसाने पहिल्यांदाच वही काढून अपात्र कुटुंबांची नावे लिहून घेतली.

जय भीम! नमो बुद्धाय!